सुईची गोष्ट आणि आपले प्रश्न

बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. त्या गप्पांत हल्ली एक प्रश्न बऱ्याच गावांत ऐकू येतो. "ताई, तालुक्याला सुया टोचून दुखणं बरं करणारे आलेत म्हणे. जाऊ का? लई दुखतं का? किती वेळा जावं लागतं?" कुणाचे गुडघे धरलेत, कुणाची कंबर, कुणाचं अर्धं डोकं दुखतं. भांगलण, धुणं, पाण्याचे हंडे यांनी झिजलेली शरीरं आपली. त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

मी डॉक्टर नाही. मी बचत गटांची सहयोगिनी आहे आणि बी. ए.ला माझा विषय इतिहास होता. म्हणून ॲक्युपंक्चरबद्दल आज मी इतिहासाच्या वाटेनं बोलणार आहे. त्या उपचाराच्या खोलीत आपल्याला जे जे दिसतं, ते कधीतरी कुणाच्या तरी गरजेतून आलेलं आहे. ते समजलं की निम्मी भीती जाते. आणि कुठं मान हलवायची, कुठं "थांबा, आधी मला सांगा" म्हणायचं, हेही कळतं.

आधी बोलणं, मग सुई

पहिल्यांदा गेलात की लगेच सुई टोचत नाहीत. चांगला उपचार करणारा आधी बराच वेळ विचारपूस करतो. कुठं दुखतं, कधीपासून, सकाळी जास्त की रात्री, झोप लागते का, भूक कशी, पोट साफ होतं का, पाळी कशी येते, घरात काही काळजी आहे का. मग जीभ बघतात आणि दोन्ही मनगटांची नाडी बघतात. गुडघा दुखतोय आणि जीभ काय बघता, असं आपल्याला वाटतं. पण चिनी वैद्यकात अख्ख्या माणसाकडे बघायची रीत आहे, आणि ती फार जुनी आहे.

या रीतीत एका बाईचं नाव मला मुद्दाम सांगायचं आहे. तिचं नाव थान युनश्येन. चीनमधल्या ऊशी या गावी १४६१ साली तिचा जन्म झाला. वैद्यकी ती आपल्या आजीकडून शिकली. त्या काळी प्रतिष्ठित घरातल्या बायकांना परपुरुष वैद्यासमोर मोकळेपणानं बसता येत नसे. दुखणं सांगायची लाज, दाखवायची त्याहून जास्त. अशा बायका थानकडे येत. १५११ साली, वयाच्या पन्नाशीत, तिनं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात ३१ रुग्णांची हकिगत आहे आणि त्या सगळ्या बायका आणि मुली आहेत. तिच्या मुलानं ते छापण्यासाठी लिहून काढलं. दुखण्याचं कारण लिहिताना ती कामाचा शीण, मनात दाबलेला राग आणि दुःख यांचीही नोंद करते. पाचशे वर्षांपूर्वी एका बाईनं बाईच्या थकव्याला आजाराच्या यादीत जागा दिली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

यातून आपण घ्यायचं ते इतकंच. विचारपूस होत असताना लाजू नका. पाळी गेली असेल, दिवस गेल्याची शंका असेल, अंगावरून जात असेल, मन लागत नसेल, तर सांगा. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करणारी जी काही गोळी चालू असेल ती पिशवीत घालून घेऊन जा. आणि काहीही न विचारता कुणी थेट सुया काढल्या, तर त्याच्याकडून सुया टोचून घेऊ नका.

नऊ सुयांपासून केसासारख्या सुईपर्यंत

आता सुईकडे येऊ. चिनी वैद्यकाचा जो मूळ ग्रंथ मानतात, त्याचं नाव ह्वांगदी नेइजिंग. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत, आणि त्या सगळ्या बारीक नव्हत्या. काही गळू फोडायला होत्या, काही रक्त काढायला, काही नुसत्या दाबायला. १९६८ साली चीनमध्ये मानछंग इथं ल्यू शंग नावाच्या राजपुत्राची कबर सापडली. तो इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारला होता. त्याच्या कबरीत सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया मिळाल्या. त्या उपचाराच्या असाव्यात असं मानतात. म्हणजे सुरुवातीची सुई ही बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेचं हत्यार होती.

मग आजची बारीक सुई कुठून आली? त्यातला एक टप्पा जपानचा आहे. सतराव्या शतकात तिथं सुगियामा वाइची नावाचा एक अंध माणूस होता. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. त्यानं एक बारीक नळी वापरायची पद्धत आणली. नळी त्वचेवर टेकवायची, आत सुई सोडायची आणि वरून बोटानं हलकेच टिचकी मारायची. सुई किती आत जाणार ते नळीमुळे ठरलेलं, आणि टोचल्याचं फारसं कळतही नाही. त्यानं अंधांसाठी शाळा काढल्या. जपानमध्ये कित्येक अंध माणसं आजही याच कामावर सन्मानानं पोट भरतात. तुमच्या पायावर कुणी प्लॅस्टिकची नळी ठेवून टिचकी मारली, तर समजा, ही एका अंध माणसाची देणगी आहे.

दुसरा टप्पा १९३०च्या दशकातला. चीनच्या ज्यांगसू प्रांतात छंग दान-आन नावाचे वैद्य होते. त्यांनी नव्या शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि सुई टोचायच्या जागा नव्यानं मांडल्या. पूर्वी काही जागा थेट रक्तवाहिन्यांवर होत्या. त्या त्यांनी बाजूला सरकवल्या, बारीक सुयांवर आणि स्वच्छतेवर भर दिला. आज आपण जे ॲक्युपंक्चर बघतो, त्याचं रूप दोन हजार वर्षांपूर्वी जसंच्या तसं नव्हतं. "हजारो वर्षांची विद्या आहे, शंका घेऊ नका" असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा. ही विद्या टिकली ती लोकांनी शंका घेऊन तिच्यात सुधारणा केल्या म्हणून.

आजची सुई भरीव असते. इंजेक्शनसारखी पोकळ नसते आणि तिच्यात औषधही नसतं. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे गोधडी शिवायच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, कधी तेही नाही. मग आतून जडपणा येतो, ठणकल्यासारखं होतं किंवा झिणझिण्या येतात. चिनी लोक त्याला 'दे-छी' म्हणतात. हे वाटणं नेहमीचं आहे. पण कळ तीव्र आली, आग झाली, विजेसारखा झटका बसला, तर गप्प सोसू नका, लगेच सांगा. सोसणं हा आपला गुण म्हणून वाखाणला जातो, पण त्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

दुखतं एकीकडे, टोचतात दुसरीकडे

डोकं दुखतंय आणि सुई हाताला, हे बघून बायका गोंधळतात. चिनी समजुतीनुसार शरीरात 'छी' नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते आणि त्या वाटांवर टोचायच्या जागा आहेत. १०२७ साली वांग वेइ-यी या राजवैद्यानं माणसाएवढे काशाचे पुतळे करवून घेतले. त्यांवर या जागांची भोकं पाडलेली होती. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण थापून आत पाणी भरत आणि विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येई, असं सांगतात. ही शिकायची आणि परीक्षा द्यायची विद्या होती, हे विसरू नका. आज शरीर उघडून बघितलं तर अशा वाटा दिसत नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असं आधुनिक संशोधन सांगतं.

१९७१च्या जुलैत जेम्स रेस्टन हे अमेरिकन पत्रकार चीनला गेले होते. तिथं त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. नंतर पोटात वायू धरून त्रास होऊ लागला, तेव्हा उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि पोटावर औषधी पाल्याचा शेक दिला. सगळं वीसेक मिनिटांत झालं आणि तासाभरात त्यांना बरंच हलकं वाटलं. त्यांनी ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं आणि पश्चिमेत या सुयांचं वेड पसरलं. पुढं गोष्ट फुगली. सुया टोचून त्यांचं ऑपरेशनच केलं, असं लोक सांगू लागले. खरं तर ऑपरेशनसाठी त्यांना नेहमीसारखी भूल दिली होती. गावात काय, जगात काय, गोष्ट तोंडातोंडी वाढतेच. म्हणून "शेजारच्या गावातली बाई एका बैठकीत चालायला लागली" असं ऐकलं की आधी त्या बाईलाच जाऊन भेटा.

त्या शेकाविषयीही सांगते. वाळवलेला पाला जळत ठेवून त्वचेपासून अंतरावर धरतात आणि ऊब देतात. आपण जोतिबाला जो दवणा वाहतो, त्याच कुळातली ती वनस्पती आहे. हा शेक फार जुना आहे. चीनमध्ये मावांगत्वेइ इथं इसवी सनापूर्वी १६८ मधल्या एका कबरीत रेशमावर लिहिलेले वैद्यकीचे लेख मिळाले. त्यांत या शेकाचा उल्लेख आहे, सुईचा नाही. थान युनश्येनचाही भर शेकावर आणि औषधी वनस्पतींवर होता. आज हा शेक घेताना ऊब सुखाची वाटली पाहिजे. तापल्या लोखंडानं डाग देण्याची आपल्याकडची घातक रीत आणि हा शेक यांची गल्लत करू नका. चटका बसायला लागला तर लगेच सांगा. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले असतील तर तेही आधी सांगा, कारण तिथं भाजलेलं कळत नाही.

बंदी, पुनर्जन्म आणि सोलापूरचं नातं

या विद्येला वाईट दिवसही आले. १८२२ साली चीनच्या बादशहानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुई आणि शेक हे दोन्ही काढून टाकले. ती पुन्हा उभी राहिली विसाव्या शतकात, आणि त्यातही एका बाईचा मोठा वाटा आहे. जू ल्येन ही बाई बाळंतपणाचं आधुनिक शिक्षण घेतलेली होती. युद्धाच्या काळात औषधांची टंचाई असताना, १९४४च्या सुमारास, येनान इथं तिनं एका जुन्या वैद्याकडून सुयांची विद्या शिकून घेतली. १९५१ साली तिनं नव्या ॲक्युपंक्चरवर पुस्तक लिहिलं आणि बीजिंगमध्ये त्याच्या अभ्यासाच्या संस्थेची प्रमुख झाली. औषध महाग आणि सुई स्वस्त, म्हणून ही विद्या पुढं चीनच्या खेड्यापाड्यांतल्या अनवाणी डॉक्टरांच्या हाती गेली.

येनान म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानच्या आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर गेले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चोळकर नागपूरचे. १९३९ मध्ये हे पथक येनानला पोहोचलं. कोटणीसांनी युद्धात जखमी झालेल्यांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच देह ठेवला. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट तुमच्या सासूबाईंनी पाहिलेला असेल. पुष्कळ जण सांगतात की ॲक्युपंक्चर कोटणीसांनी भारतात आणलं. ते बरोबर नाही. ते आणलं त्यांचे सोबती डॉ. बिजयकुमार बसू यांनी. ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली. आपल्या मित्राचं नाव त्यांनी या कामाला जोडलं. लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे, त्यामागं हेच नातं आहे.

गुण येतो का?

आता ज्यासाठी तुम्ही ऐकताय तो मुद्दा. २०१८ साली ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. जुनी कंबरदुखी, मानदुखी, खांदेदुखी, डोकेदुखी आणि गुडघ्याची झीज असलेले हे रुग्ण होते. सुया न घेतलेल्यांपेक्षा सुया घेतलेल्यांना बराच आराम पडला आणि तो वर्षभरानंतरही बहुतांशी टिकला. पण काही जणांना नुसतं टोचल्याचं भासवलं होतं किंवा भलत्याच जागी टोचलं होतं. त्यांनाही आराम पडला. खऱ्या सुईचा फायदा त्यापेक्षा थोडासाच जास्त निघाला. म्हणजे काही गुण सुईचा, आणि बराच गुण शांत पडून राहण्याचा, कुणी आस्थेनं विचारण्याचा आणि विश्वासाचा. गुडघ्याच्या झिजेबाबत तर मतभेद आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात २०२२ साली त्यासाठी सुया देऊ नयेत असं म्हटलं, आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम व वजन कमी करणं यांवर भर दिला.

म्हणून अपेक्षा बेताची ठेवा. एका बैठकीत जादू होत नाही. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची असते. बहुतेकदा आठवड्यातून एक-दोनदा, अशा सहा ते बारा बैठका सांगतात. पाच-सहा बैठकांनंतर काहीच फरक नसेल तर थांबणं शहाणपणाचं. साखर, बीपी, थायरॉइड, फिट यांच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर कधीही बंद करू नका. मूल होणं, कॅन्सर, लकवा "हमखास बरा" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. आणि काही दुखणी सुईची नाहीतच. छातीत दुखणं, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, अशा वेळी आधी सरकारी दवाखाना गाठायचा.

पैशाचंही बोलू. आमच्या भागातल्या एका गटात एका ताईनं अंतर्गत कर्ज काढून दहा बैठकांचे पैसे एकदम भरले. तिसऱ्या बैठकीनंतर त्या शिबिराचा तंबूच उठला. कर्जाचे हप्ते मात्र ती वर्षभर फेडत होती. तिच्या कंबरेला आराम पडला की नाही, हा प्रश्न तर मागंच राहिला. एकेका बैठकीचे पैसे द्या आणि पावती घ्या.

विचारायचे पाच प्रश्न

पहिला, सुई नवी आहे का? सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई डब्यात टाकली गेली पाहिजे. दुसऱ्याला टोचलेल्या सुईनं कावीळ ब सारखे रक्तातून पसरणारे रोग होतात, आणि जगात तसे झालेले आहेत. "उकळून घेतलीय" हे उत्तर चालणार नाही.

दुसरा, तुमची नोंदणी आहे का? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे आणि नोंदणीसाठी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा. चष्मा नसेल तर शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

तिसरा, माझ्या दुखण्याची तपासणी डॉक्टरांकडून झाली आहे का? हा प्रश्न स्वतःलाही विचारायचा.

चौथा, गरोदर असेन तर, हृदयाला यंत्र बसवलेलं असेल तर, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर काय? गरोदरपणात काही जागा टाळतात. यंत्र असेल तर सुयांना वीज जोडायची नसते. हे त्यांनी न विचारता सांगायला हवं.

पाचवा, किती बैठका, किती पैसे, आणि गुण आला नाही तर पुढं काय?

जाताना उपाशी जाऊ नका, थोडं खाऊन जा. सैल कपडे घाला. आडवं पडूनच सुया घ्या, म्हणजे चक्कर आली तरी पडायची भीती नाही. नंतर थेंबभर रक्त येणं, बारीक काळंनिळं होणं, सुस्ती वाटणं, हे चालतं. छाती किंवा पाठीच्या वरच्या भागाला सुया घेतल्यावर धाप लागली, तर मात्र लगेच दवाखान्यात जा. फार खोल गेलेल्या सुईनं फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं. स्त्री मदतनीस खोलीत असावी असं वाटत असेल तर मागणी करा. ते तुमच्या हक्काचं आहे.

थान युनश्येनकडे येणाऱ्या बायकांना आपलं दुखणं सांगायला एक बाई मिळाली होती. आपल्याकडे तर गटातल्या दहा-बारा जणी आहेत. जी सुया घ्यायला जाईल तिच्यासोबत दुसरी जाईल, आणि काय झालं ते पुढच्या बैठकीत खरं खरं सांगितलं जाईल, गुण आला तरी आणि नाही आला तरी. गावात कुठलीही नवी उपचारपद्धती येवो, तिची पहिली नोंद आपल्या वहीत व्हायला हवी. पुढच्या बैठकीच्या विषयांत हा एक विषय लिहून ठेवा.